चर खोदणं सोपं, उतार राखणं अवघड

मानपाडा म्हटलं की ठाणेकरांना घोडबंदर रस्ता आठवतो आणि डोंबिवलीकरांना कल्याण-शीळ रस्त्याला जाऊन मिळणारा मानपाडा रस्ता. नाव एक, ठिकाणं दोन. दोन्हीकडे वस्ती झपाट्याने वाढली, आणि वस्ती वाढते तिथे रस्त्याच्या कडेला चर खोदलेले दिसतात. कधी केबलसाठी, कधी पिण्याच्या पाण्याच्या नळासाठी, कधी सांडपाण्यासाठी. शाळेत येता-जाता मुलं हे चर रोज पाहतात. त्यांना एकदा, सुरक्षित अंतरावर उभं करून, चराच्या तळाकडे नीट बघायला सांगा.

केबलच्या चराचा तळ कसाही असला तरी चालतो. वीज काही उतारावरून वाहत नाही. पिण्याचं पाणी दाबाखाली वाहतं, त्यामुळे नळ मध्येच थोडा वर चढला किंवा खाली उतरला तरी पंप किंवा उंचावरची टाकी पाण्याला पुढे ढकलते. सांडपाण्याचं मात्र तसं नाही. त्याला पुढे नेणारं बळ एकच, गुरुत्वाकर्षण. नळाला मध्ये कुठे झोळ पडला की तिथे पाणी साचतं, पाण्यातला गाळ खाली बसतो आणि नळ तुंबतो. म्हणून अशा चरात उतरण्याआधी मुकादम दोरी ताणतो, पाणी भरलेली लेव्हलची नळी लावून दोन्ही टोकांची उंची ताडून पाहतो.

आम्हाला ज्या चराबद्दल सांगायचं आहे तो या तिसऱ्या जातीचा, पण शेतातला आहे. त्याचा उतार सांडपाण्याच्या नळापेक्षाही पुष्कळ कमी असतो आणि एकदा बुजवला की तो पुन्हा कुणाला दिसत नाही. असा चर बघायला ठाणे-डोंबिवली सोडून सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात जावं लागेल.

ऊस पिकवणाऱ्या जमिनीत मीठ कुठून आलं?

कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांचा संगम शिरोळ तालुक्यात नरसोबाच्या वाडीला होतो. या दोन नद्यांच्या काठची काळी जमीन महाराष्ट्रातल्या सुपीक जमिनींपैकी एक. उपसा सिंचन योजनांनी तिला बारमाही पाणी मिळालं आणि ऊस आला. पुढे काही शेतांत उसाची वाढ खुंटू लागली, मग पानं पिवळी पडली, मग जमिनीवर पांढरा थर दिसू लागला. शेतकरी म्हणतात, जमिनीला मीठ फुटलं. पाणी साचून राहणाऱ्या जमिनीला 'चिबड', क्षार साठलेल्या जमिनीला 'क्षारपड' किंवा 'खारवट', आणि सोडियममुळे कण विस्कटून घट्ट झालेल्या जमिनीला 'चोपण' असे वेगवेगळे शब्द आपल्या भाषेत आधीपासून आहेत. म्हणजे हा त्रास जुना आहे. निरेच्या डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास बारामतीकडे वाहू लागलं, आणि दख्खनच्या कालव्यांखालच्या चिबड जमिनींचा प्रश्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इंग्रज अभियंत्यांपुढे उभा राहिला होता. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था १९१६ साली पाटबंधाऱ्यांचं एक खास खातं म्हणून सुरू झाली. सर क्लॉड इंग्लिस यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे.

मीठ येतं ते आपणच दिलेल्या पाण्यातून. वर्गात हे गणित जरूर करून घ्या. समजा, एक हेक्टर उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचं पाणी दिलं. म्हणजे १०,००० चौरस मीटर गुणिले २ मीटर, एकूण २०,००० घनमीटर किंवा दोन कोटी लिटर. समजा, त्या पाण्यात लिटरमागे फक्त ०.३ ग्रॅम क्षार विरघळलेले आहेत. हे पाणी चवीला गोडच लागेल. तरीही वर्षाला ६,००० किलो, म्हणजे सहा टन क्षार त्या एका हेक्टरात येऊन पडले! ऊस पाणी शोषून घेतो, ऊन पाण्याची वाफ करतं, क्षारांचा मोठा भाग मात्र तिथेच राहतो. जास्तीचं पाणी खाली झिरपून निघून गेलं तर ते क्षार सोबत नेतं. पण काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण इतकं असतं की पाणी तिच्यातून अतिशय हळू सरकतं. पाणी वरून येत राहतं, खालून जात नाही, भूजलाची पातळी चढत जाते. ती मुळांपर्यंत आली की केशाकर्षणाने खारं पाणी पृष्ठभागापर्यंत पोचतं. मुळांना हवा मिळत नाही. शेतकऱ्याच्या भाषेत, जमिनीला वाफसाच येत नाही.

यावर उपाय असा की साधारण सव्वा मीटर खोलीवर भोकं पाडलेल्या नळ्यांच्या ओळी पुरायच्या. भारी काळ्या जमिनीत दोन ओळींमध्ये वीस ते तीस मीटर अंतर ठेवतात. जमिनीतलं जास्तीचं पाणी भोकांतून नळीत येतं, उताराने मुख्य नळात जातं आणि तिथून नाल्यात. वरून दिलेलं पाणी मग क्षार धुऊन नेतं. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राने काळ्या जमिनींसाठी या पद्धतीवर बरंच काम केलेलं आहे. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, खर्च स्वतःच्या अंगावर घेऊन अशा नळ्या पुरल्या आहेत. एकत्र येणं इथे भाग असतं, कारण एकाच्या शेतातून निघालेलं पाणी दुसऱ्याच्या शेतातूनच नाल्यापर्यंत जाणार.

पूर्वी या नळ्या भाजक्या मातीच्या असत. फूटभर लांबीच्या नळ्या एकाला एक लावून ठेवायच्या, पाणी सांध्यांतून आत येई. इंग्रजीत त्यांना 'टाइल' म्हणत आणि ते नाव आजही चालू आहे, जरी १९६० च्या दशकानंतर त्यांची जागा हळूहळू वळ्यावळ्यांच्या प्लॅस्टिक पाइपने घेतली. हा पाइप गुंडाळीने मिळतो. आडव्या ओळींसाठी साधारणतः ८० मिलिमीटर व्यासाचा वापरतात.

दहा सेंटिमीटरचा उंचवटा, तीस सेंटिमीटरची चूक

या पाइपला उतार किती लागतो? हजारात एक ते दोन पुरतो. म्हणजे शंभर मीटर लांबीत फक्त दहा ते वीस सेंटिमीटर. एवढा उतार डोळ्यांना दिसतही नाही. आणि पाइपचा व्यास आहे आठ सेंटिमीटर. तळ जर मध्ये कुठे आठ-दहा सेंटिमीटर खाली गेला, तर तेवढ्या भागात पाइप पूर्ण भरलेला राहील, गाळ साठेल आणि वरच्या बाजूचं पाणी अडेल. साधा नियम असा की उंचीतली चूक पाइपच्या निम्म्या व्यासाहून जास्त होता कामा नये. चांगले कारागीर दोन-तीन सेंटिमीटरच्या आत राहतात. चूक झाली तर ती त्या दिवशी कळत नाही, एक-दोन पावसाळे गेल्यावर शेताचा एक पट्टा पुन्हा ओला राहू लागतो. तोवर चर बुजलेला असतो, ऊस उभा असतो आणि कर्जाचे हप्ते चालू असतात.

आता यंत्राकडे येऊ. केबल किंवा ठिबकची मुख्य पाइपलाइन टाकण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं साखळीचं चरयंत्र मिळतं. त्याला ट्रेंचर म्हणतात. सायकलच्या चेनसारखी पण भक्कम साखळी, तिच्यावर दात, आणि ती एका लांब दांड्याभोवती फिरते. दांडा जमिनीत उतरवला की साखळी माती खरवडून वर आणून टाकते. मग प्रश्न पडतो, हेच यंत्र शेतातल्या निचऱ्याच्या चराला का चालू नये?

समजा, ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत दोन मीटर अंतर आहे आणि खोदणाऱ्या दांड्याचं टोक मागच्या चाकांच्या आणखी दोन मीटर मागे आहे. दांडा ट्रॅक्टरला घट्ट बसवलेला आहे. वाटेत दहा सेंटिमीटर उंचीचा एक वरंबा आडवा आला. पुढची चाकं त्यावर चढली. ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती कलला आणि तरफेच्या नियमाने मागचं टोक दहा सेंटिमीटर खाली गेलं. थोडं पुढे गेल्यावर पुढची चाकं सपाटीवर आली आणि मागची चाकं वरंब्यावर चढली. आता कलण्याचा आधार पुढची चाकं. त्यांच्यापासून मागचं चाक दोन मीटरवर, टोक चार मीटरवर. म्हणून टोक दुप्पट, म्हणजे वीस सेंटिमीटर वर उचललं गेलं. एका दहा सेंटिमीटरच्या वरंब्याने चराच्या तळात एक दहाचा खड्डा आणि एक वीसचा उंचवटा कोरून ठेवला. दोन्हींत फरक तीस सेंटिमीटरचा! हजारात एक या उताराला तीस सेंटिमीटर उतरायला तीनशे मीटर लागतात.

हा प्रयोग वर्गात करता येतो. खेळण्यातल्या ट्रकच्या बाजूला एक पट्टी अशी बांधा की ती मागे लांब निघेल, आणि तिच्या टोकाला स्केच पेन आडवा बसवा. भिंतीवर मोठा कागद चिकटवा आणि ट्रक भिंतीला समांतर, पेन कागदाला टेकवून ढकला. वाटेत एक पेन्सिल आडवी ठेवा. कागदावर उमटलेली रेघ पेन्सिलीच्या उंचीपेक्षा किती तरी जास्त वर-खाली झालेली दिसेल. मग पेन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मध्ये बसवून पुन्हा करा. आता रेघ पेन्सिलीच्या निम्म्याच उंचीने हलेल. रस्ता सपाट करणाऱ्या मोटर ग्रेडर यंत्राचं पातं पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये का असतं, याचं उत्तर मुलं स्वतःच देतील. चरयंत्राला मात्र ही सोय नाही, कारण त्याने खोदलेल्या चरावरून त्याची स्वतःची चाकं जाऊन चालत नाहीत.

तेव्हा केबलच्या यंत्राला निचऱ्याचं यंत्र करायचं, तर पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा बदल खोदणाऱ्या दांड्याची ट्रॅक्टरशी असलेली घट्ट गाठ सोडण्याचा आहे. दांडा बिजागरीवर मोकळा हवा, त्याची उंची ट्रॅक्टरच्या चाकांनी ठरता कामा नये. चाकांनी फक्त ओढावं. मग उंची ठरवायची कशावरून? शेताच्या वर कुठेतरी, त्याच उताराने जाणारी एक सरळ रेषा हवी. दांडा त्या रेषेपासून कायम सारख्या अंतरावर राहिला की झालं.

रेषा हवेत कशी आखायची?

मुकादमाची दोरी हीच ती रेषा. पण चालत्या यंत्राजवळ दोरी टिकत नाही, आणि लांब दोरीला स्वतःच्याच वजनाने झोळ पडतो. अमेरिकेत ओहायो राज्याच्या वायव्य भागात एक प्रचंड दलदल होती. तिथल्या बोलिंग ग्रीन गावच्या जेम्स हिल याने वाफेवर चालणारं चरयंत्र बनवलं आणि १८९४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. 'बकाय' या नावाने ते प्रसिद्ध झालं. त्याला साखळीऐवजी बादल्या लावलेलं मोठं चाक होतं. उताराची युक्ती साधी होती. शेतात ठरावीक अंतरावर खांब रोवून त्यांवर आडव्या पट्ट्या लावायच्या, साऱ्या पट्ट्या हव्या त्या उताराच्या एका रेषेत. यंत्रावरचा माणूस आपल्या जवळचा दर्शक त्या पट्ट्यांच्या रेषेत राहील अशा बेताने चाक वर-खाली करत राही. आपल्याकडे रस्त्याच्या कामावर तीन 'टी' आकाराच्या काठ्या घेऊन एका डोळ्याने बघणारी माणसं असत, तोच प्रकार.

त्याच्याही आधी इंग्लंडात जॉन फाउलरने एक नांगर बनवला होता. तो १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात गाजला. त्यात लाकडी नळ्या दोरीत माळेसारख्या ओवून नांगरामागे जमिनीत ओढल्या जात. चर खोदायचाच नाही, ही कल्पना आजही 'मोल नांगरा'च्या रूपाने जिवंत आहे. ट्रॅक्टरने एक बंदुकीच्या गोळीसारखा तुकडा चिकणमातीतून ओढत नेला की मागे पाइपशिवाय बोगदा राहतो. स्वस्त आहे, पण तो काही वर्षांत ढासळतो, आणि त्याची खोली जेमतेम अर्धा मीटर.

डोळ्याची जागा लेझरने घेतली ती १९६० च्या दशकात. लेझरचा शोध १९६० चा, आणि दहा वर्षांच्या आतच ओहायोमधल्या निचऱ्याच्या अभियंत्यांनी त्याला शेतात आणलं. शेताच्या कडेला तिपाईवर लेझर ठेवतात. त्याचं डोकं गोल फिरत असतं, त्यामुळे किरणाची रेघ न राहता हवेत एक अदृश्य पत्रा तयार होतो. हा पत्रा हजारात एक किंवा दोन असा हवा तेवढा कलवता येतो. खोदणाऱ्या दांड्यावर एक उभा खांब असतो आणि खांबावर एकावर एक प्रकाश-संवेदी घटांची रांग. किरण मधल्या घटावर पडला तर ठीक. वरच्या घटावर पडला तर दांडा खाली गेलेला आहे, खालच्यावर पडला तर वर आलेला आहे. घटाकडून विजेचा इशारा जातो, हायड्रॉलिकची झडप उघडते आणि दट्ट्या दांड्याला हवा तिकडे सरकवतो.

ऐकायला हे सोपं वाटतं. गंमत पुढे आहे. बाथरूममध्ये गिझरचा नळ फिरवला की गरम पाणी लगेच येत नाही. आपण आणखी फिरवतो, मग एकदम चटका बसतो, घाईने उलटा फिरवतो, मग पाणी गार. चूक कळणं आणि सुधारणा दिसणं यांत वेळ गेला की दुरुस्तीच झोके घेऊ लागते. चरयंत्रातही हेच होतं. लेझरचा खांब खोदणाऱ्या जागेच्या फार मागे बसवला, तर चूक तळात कोरली गेल्यानंतर कळते आणि चराच्या तळाला लाटा येतात. म्हणून खांब कुठे बसवायचा, मधला 'ठीक' पट्टा किती रुंद ठेवायचा आणि दट्ट्या किती वेगाने हलवायचा, या तीन गोष्टी एकमेकींकडे बघूनच ठरवाव्या लागतात.

खांबाच्या बाबतीत त्रिकोणमितीचाही एक धडा आहे. तीन मीटरचा खांब उभ्या रेषेपासून पाच अंशांनी कलला तर त्याची उभी उंची ३ × cos ५° इतकीच उरते, म्हणजे सव्वा सेंटिमीटरच्या आसपास कमी. यंत्राला वाटतं दांडा खाली गेला, आणि ते त्याला उगाच वर उचलतं. पृथ्वीच्या गोलाईचं काय, असं एखादा हुशार मुलगा विचारेल. तीनशे मीटरवर तिचा फरक सुमारे सात मिलिमीटर पडतो, त्यामुळे तिची काळजी नको. दुपारच्या उन्हाची मात्र हवी. तापलेल्या जमिनीवरची हवा किरणाला वाकवते आणि थरथरवते, म्हणून भर उन्हात लेझरपासून फार दूर काम करू नये.

बाकीचे बदल

एवढ्याने भागत नाही. ट्रॅक्टरचा सगळ्यात हळू गिअरही सर्वसाधारणपणे ताशी दोन किलोमीटरच्या आसपास चालतो. वीस सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल चर त्या वेगाने खोदायचा, तर तासाला ५०० घनमीटर माती उचलावी लागेल. घनमीटरला पावणेदोन-दोन टन धरले तरी हा आकडा ९०० टनांच्या घरात जातो. एवढी ताकद शेतातल्या ट्रॅक्टरकडे नसते. ताशी तीनशे मीटर इतका संथ वेग मिळाला तर माती ७५ घनमीटरवर येते. म्हणून वेग आणखी उतरवणारी गिअरपेटी, जिला क्रीपर म्हणतात, किंवा चाकांना वेगळी हायड्रॉलिक मोटर लावावी लागते. साखळी मात्र पूर्ण वेगाने फिरली पाहिजे.

मग तळ. साखळी गेल्यावर तळाशी भुसभुशीत माती उरते. तिच्यावर पाइप ठेवला तर तो नंतर खचतो. म्हणून साखळीच्या मागे एक जड पोलादी बूट हवा. तो सैल माती दाबत जातो आणि तळाला पाइपच्या आकाराची खोबण पाडतो, म्हणजे पाइप इकडेतिकडे लोळत नाही. बुटाच्या दोन्ही बाजूंना उभे पत्रे असतात, त्यांच्यामधून एक वाकडी नळी खाली उतरते आणि यंत्रावरच्या गुंडाळीतला पाइप तिच्यातून थेट खोबणीत बसतो. हे पत्रे माणसं वाचवतात, हे आवर्जून सांगायला हवं. ओली काळी माती ढासळते तेव्हा सूचना देत नाही. चरात उतरलेला मजूर दबल्याच्या बातम्या आपण शहरातही वाचतो. पाइप यंत्रानेच ठेवला तर कुणाला खाली उतरावंच लागत नाही.

काळ्या मातीचा आणखी एक स्वभाव म्हणजे ती चिकटते. वाळूच्या जमिनीत साखळीवरची माती आपोआप झडते. इथे ती दातांमध्ये लाडवासारखी बसते आणि पुन्हा खाली नेली जाते. तिच्यासाठी साखळीला घासून जाणारी खरवडपट्टी लावावी लागते. ओल्या शेतात रबरी टायर रुततात, म्हणून मोठ्या यंत्रांना टायरऐवजी रणगाड्यासारखे पट्टे असतात. आणि चर नेहमी निकासाच्या, म्हणजे खालच्या टोकाकडून वरच्या टोकाकडे खोदत न्यायचा. तसं केलं तर चरात शिरलेलं पाणी मागच्या मागे वाहून जातं. उलट दिशेने सुरुवात केली तर यंत्र स्वतःच पाडलेल्या डबक्यात काम करत राहतं.

अशी तयार लेझर-यंत्रं भारतात आली ती १९९० च्या दशकात, हरियाणात हॉलंडच्या मदतीने आणि राजस्थानात कोट्याजवळच्या चंबळ खोऱ्यात कॅनडाच्या मदतीने. सांगली-कोल्हापूरकडे मात्र चर खोदताना दिसतं ते बहुतेक वेळा पोकलेन किंवा जेसीबी. कुणी याला मागासलेपण म्हणेल, आम्हाला तसं वाटत नाही. पोकलेन एका जागी उभा राहून खोदतो. त्याचा हात चाकांच्या किंवा पट्ट्यांच्या चालीशी बांधलेला नाही, म्हणजे ज्या बदलाला आम्ही सगळ्यात महत्त्वाचा म्हटलं तो त्याच्यात जन्मतःच आहे. प्रत्येक घासाला चालक उंचीचा नव्याने अंदाज घेतो. लहान, वेड्यावाकड्या शेतांत आणि बांधांच्या कडेला तो सहज वळतो. आणि निचऱ्याचं काम संपलं की त्याला दुसरं काम मिळतं, महागडं खास यंत्र मात्र वर्षाचे कितीतरी महिने उभं राहतं. त्यात करायचा बदल म्हणजे रुंद बकेट काढून अरुंद बकेट बसवायची. चर जेवढा अरुंद, तेवढी उकरायची आणि परत लोटायची माती कमी. कमतरता आहे ती तळाच्या बिनचूकपणात. तिथे प्रत्येक काही मीटरवर पट्टी धरून उंची तपासणारा माणूस हवाच. लेझरचा पत्रा शेतावर असेल तर त्याला पट्टीवरचा ग्राहक आवाजाने सांगतो, खाली की वर. हे तपासणं ज्या कामावर घाईत उरकलं जातं तिथे यंत्र कितीही चांगलं असलं तरी फुकट.

ऊसपट्ट्यातल्या गावांतल्या कार्यशाळा ट्रॅक्टरची अवजारं पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त करत आल्या आहेत. अरुंद बकेट, पोलादी बूट, बाजूचे पत्रे, खरवडपट्टी ही सारी कापणी आणि वेल्डिंगची कामं आहेत. बाहेरून आणावं लागतं ते लेझर आणि झडपा. आमच्या मते आपल्याकडे सुधारणेला जागा इथेच आहे. पोकलेनच्या हातावर ग्राहक बसवून चालकाला तिथल्या तिथे उंची दिसू द्यायची, आणि चरात पाइप ठेवणाऱ्या माणसाला वर काढायचं.

पाइप बरोबर बसला का, हे कसं ओळखायचं?

पाइप पुरल्यावर तो दिसत नाही, पण त्याचं पाणी दिसतं. ओळींचं पाणी मुख्य नळाला जिथे मिळतं तिथे तपासणीची कुंडी बांधलेली असेल तर तिथे प्रत्येक ओळीचा प्रवाह वेगळा मोजता येतो. त्या भागातल्या शाळांनी शेतकऱ्याच्या परवानगीने आणि त्याच्या सोबतीने हे मोजमाप करायला हरकत नाही. कुंडीत उतरायचं नाही, बादली दोरीने सोडायची.

अपेक्षा किती ठेवायची? समजा ओळींमधलं अंतर २५ मीटर आणि ओळीची लांबी २०० मीटर. एका ओळीने ५,००० चौरस मीटर जमिनीचं पाणी काढायचं. दिवसाला दोन मिलिमीटर पाणी निघावं असं धरलं, तर १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर. सेकंदाला ते जेमतेम ०.१२ लिटर भरतं. ८० मिलिमीटरचा पाइप हजारात एक या उताराला याच्या चौपट पाणी सहज नेऊ शकतो, तेव्हा पाइप लहान पडला ही शंका सहसा खोटी ठरते. या हिशेबाने दहा लिटरची बादली भरायला सुमारे दीड मिनिट लागेल. पाणी दिल्यावर किंवा मोठा पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांनी चार ओळींच्या बादल्या दीड-दोन मिनिटांत भरत असतील आणि पाचवीला दहा मिनिटं लागत असतील, तर त्या पाचव्या ओळीवर शेतात चालत जाऊन कुठे जमीन ओली राहिली आहे ते बघावं. झोळ बहुधा त्या ओल्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला सापडतो. बादलीतलं थोडं पाणी ताटलीत घेऊन उन्हात वाळवलं तर तळाशी पांढरा थर उरेल. तो तराजूवर तोला. लिटरला तीन ग्रॅम भरला, तर ती एक ओळ दिवसाला तीस किलो क्षार शेताबाहेर काढते आहे.